संत्र्याच्या औषधाचा वास

आज सून नातीला माझ्याकडं सोडून ऑफिसला निघाली, तेवढ्यात नातीच्या तोंडाला तापाच्या औषधाचा गोड, संत्र्याचा वास आला.

तीस वर्षांपूर्वी क्रांती चौकामागचं पाळणाघर चालवणाऱ्या शबानाखाला दारातच प्रत्येक लेकराचं तोंड हुंगायच्या. मला त्यांचाच संशय यायचा. ही बाई लेकरांना झोपेचं काही पाजत तर नसंल? म्हणून संध्याकाळी मीही माझ्या पोराचं तोंड हुंगायचे.

एका सकाळी त्यांनी पोराला हुंगून मलाच विचारलं, "औषध पाजून ताप दाबलाय ना?"

"नाय हो, खाला."

"दुपारी असर उतरतो, मग बाकीची लेकरं तापतात," म्हणत त्यांनी पोराला परत माझ्या कडेवर दिलं.

मी जिन्यातून सुनेला विचारलं, "औषध पाजलंस?"

"नाही हो, आई," पायऱ्या उतरतच ती म्हणाली, मी तेव्हा म्हणाले होते तितक्याच सहज.