आकाशच्या गाडीचे गिअर

सोमाटणे फाट्यावर इर्शादचं गॅरेज आहे. त्याचे वडील अल्लाउद्दीन ज्या पत्र्याच्या शेडमध्ये सायकली दुरुस्त करायचे, तिथंच तो मोटरसायकली खोलतो. आकाशची ओळख तिथलीच. कुरवंड्याच्या कोंडाजींचा एकुलता एक पोरगा, तळेगावला कंपनीत कामाला. दोघांची स्पोर्ट बाइक एकाच कंपनीची. इर्शादची सगळ्यात जुन्या मॉडेलची, पाच गिअरची, आकाशची नवी, सहा गिअरची. सुट्टीच्या दिवशी दोघं जुन्या हायवेनं लोणावळ्याकडे सुटायचे. कामशेतपर्यंत बरोबरीनं. पुढं आकाश सहावा टाकून निघून जायचा आणि कार्ला फाट्यावर चहा सांगून इर्शादची वाट बघत बसायचा.

गेल्या वर्षी कामावरून घरी जाताना एका वळणावर समोरून आलेल्या ट्रकनं आकाशला उडवलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. इर्शादनं तिरडीला खांदा दिला. पोलिसांनी सोडलेली गाडी टेम्पोत घालून त्यानंच कुरवंड्याला पोचवली आणि गोठ्यामागं ताडपत्रीखाली ठेवली.

पुढं काही महिन्यांनी इर्शादच्या गाडीच्या गिअरचे दातच गेले. जुन्या मॉडेलचे पार्ट येणं बंद झालेलं. त्यानं गाडी कोपऱ्यात ढकलली. तळेगावच्या बाजाराला आलेले कोंडाजी गॅरेजात टेकले, तेव्हा त्यांना ती दिसली.

"हिला काय झालं रं?"

"गिअर गेले, आबा. मिळत नाहीत आता."

कोंडाजी उठून गाडीजवळ गेले. "आकाशच्या गाडीतलं बसत्याल का?"

"नको, आबा."

"बसत्याल का, येवडंच सांग."

"बसतील."

"मंग काढ. सकाळी वैरण टाकाया गेलो की ती ताडपत्री दिसती. तुजी मावशी रोज तिच्यावर हात फिरवून येती. मला न्हाई बगवत."

सुटा एखादा गिअर बदलून भागणार नव्हतं. दोन्ही शाफ्ट, त्यांच्यावरचे सगळे गिअर आणि ते सरकवणारे फोर्कसुद्धा नव्यातून जुन्यात घालायचे होते. इर्शादनं आकाशचं इंजिन खोललं. आतलं ऑइल अजून मधासारखं नितळ होतं. अपघाताच्या आदल्या आठवड्यात इर्शादनंच बदललेलं. त्यानं पाना खाली ठेवला. त्या दिवशी पुढं काही झालं नाही.

मग दोन-तीनदा जुळवून, खोलून, एक वॉशर लेथवर पातळ करून ते एकदाचं बसलं.

गाडी घेऊन तो कुरवंड्याला निघाला. कामशेत मागं पडलं आणि त्यानं सहावा टाकला. गाडी हलकी झाली. सवयीनं त्यानं पुढं पाहिलं. एक दुधाचा टेम्पो चालला होता, बाकी रस्ता रिकामा. डोळे भरले, समोरचं दिसेना, तशी त्यानं गाडी कडेला घेतली.

कुरवंड्यात आकाशची आई मुक्ताबाई अंगणात आल्या. त्यांनी इंजिनावर हात टेकवला.

"मावशी, भाजेल!"

हात तसाच राहिला. "त्याचं चाललं ना रं हितं?"

"चाललं, मावशी."

"मंग त्योच का न्हाई राहिला?"

कोंडाजींनी त्यांना धरून आत नेलं.

पुढच्या खेपेला इर्शाद गाडी घेऊन अंगणात शिरला तर पडवीत आकाशचं ताट वाढलेलं. भाकरीवर तूप घालता घालता मुक्ताबाईंनी मान वर केली, दारात इर्शादला पाहिलं आणि त्यांचा हात थांबला.

निघताना कोंडाजी त्याच्यासोबत घराखालच्या चढाच्या पायथ्यापर्यंत आले. "तू येत जा, लेका. पन गाडी वर आनू नगं. आवाज आला की तिला वाटतं, त्योच आला."

आता इर्शाद चढाच्या खालीच गाडी बंद करतो, झाडाखाली लावतो आणि चालत वर जातो. मुक्ताबाई पाणी देतात, विचारतात, "कशानं आलास रं?"

"एसटीनं, मावशी," तो सांगतो.