खिळ्यावरच्या रिंगा

हँडल फिरतंय, फिरतंय आणि इंजिन धरतच नाही, एवढंच फोनमधून ऐकू येत होतं, आणि इकडे आई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्या मांडीवर. बोंबील वाळवायच्या दोरीखाली बसल्यासारख्या झाल्या आणि कलंडल्या, मी पोरीला खाली ठेवून धावले, ती रडतेय, शेजारची माणसं रिक्षा बघायला पळाली, मी ह्यांना फोन लावला तर हे होडीवर, आमच्या झाई गावाच्या समोरच, किनाऱ्यावरून होडी दिसत होती हो… "आलो, आलो," बोलले, आणि मग नुसतं ते हँडल. घरर घरर, आणि फुस्स. परत घरर. फोन स्पीकरवर होता. आईंनी डोळे उघडले, मला वाटलं पाणी मागतील, पोराचं नाव घेतील. तर विचारलं, "रिंगा दाखवल्या का गो त्या मिस्त्रीनं?"

मी बोलले, "दाखवल्या आई, खिळ्यावर लावल्यात." त्यांनी डोळे मिटले ते मिटलेच. रिक्षा आली, पण उशीर झाला होता. ह्यांना दुसऱ्या होडीने बांधून ओढत आणलं, तोवर आईंना घरात निजवलं होतं.

महिना उलटला. मी आठवीपर्यंत शिकलेली, चुकलंमाकलं समजून घ्या, पण सासूबद्दल लिहायचं तर हेच पहिलं येतं. शेवटचा शब्दसुद्धा संशयाचा. त्यांचा कोणावर भरवसाच नव्हता. बर्फवाल्याची लादी पाणी निथळल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. लिलावात बोली लावणाऱ्याच्या तोंडाकडे नाही, बोटांकडे बघायच्या. आणि मी तर तलासरीकडची, आमच्याकडे भात आणि डोंगर, समुद्र बघायचा तो सहलीला. लग्न होऊन आले तेव्हा सगळ्यांसमोर बोलल्या, "हिने मासा हातात धरला तर मासाच हसतो." मी सुकट डब्यात भरली की झाकण उघडून एकदा बघायच्याच. मला वाईट वाटायचं… नंतर कळलं, हे माझ्यावरच नाही, सगळ्या जगावर आहे.

त्याला कारण होतं. सासरे होते तेव्हा एका मिस्त्रीने इंजिनाच्या रिंगा बदलल्या असं सांगितलं आणि जुन्याच डिझेलमध्ये धुऊन परत बसवल्या. रिंगा म्हणजे पिस्टनला बांगड्या असतात ना, तशा. त्या झिजल्या की इंजिनातला दाब गळतो, कॉम्प्रेशन बोलतात त्याला, मग हँडल हलकं फिरतं आणि इंजिन पेटत नाही. सासऱ्यांची होडी भर समुद्रात बंद पडली आणि प्रवाहाने पार गुजरातच्या बाजूला गेली. ते परत येईपर्यंत आई किनाऱ्यावर वाट बघत बसलेल्या. तेव्हापासून घरचा कायदाच झाला, इंजिन उघडलं की आपलं माणूस स्टूल टाकून समोर बसणार आणि निघालेल्या जुन्या रिंगा घरी येणार. स्वयंपाकघरात खिडकीजवळ खिळा आहे, तिथे सगळ्या ओवलेल्या. काळ्या, कुठे तुटलेल्या. मांजर खालून गेली तरी वाजतात.

आई जायच्या थोडे दिवस आधी पण इंजिन सकाळी धरेना, पांढरा धूर यायला लागला. उंबरगावचे रमणभाई आमचे मिस्त्री, अर्धं गुजराती अर्धं मराठी बोलतात. त्यांनी इंजिनात थोडं ऑइल सोडलं आणि हँडल मारलं. रिंगा झिजल्या असतील तर ऑइलने तेवढ्यापुरता दाब वाढतो. हँडल जड झालं. आई लगेच बोलल्या, "बघ, रिंगाच." रमणभाईंनी परत एकदा हँडल फिरवलं आणि वरच्या हेडकडे, म्हणजे इंजिनाच्या डोक्याकडे, बघत राहिले. ते बघणं मला आठवतं. बोलले काय ते मला ठाऊक नाही, पोरगी किरकिरत होती, मी घराकडे पुढे निघाले, आई आणि रमणभाई मागून येत होते.

रिंगा बदलल्या तेव्हा आईंना ताप होता म्हणून स्टुलावर मी बसले. उठलेच नाही, पोरीला तिथेच पाजलं. "बेन, बराबर बघून घे, नायतर तुझी सासू मला खाडीत बुडवेल," रमणभाई हसत होते. नव्या रिंगा माझ्यासमोर गेल्या, जुन्या माझ्या हातात आल्या. काही दिवस होडी बरी चालली. आणि मग ती सकाळ.

हे तेव्हापासून एकच धरून बसले. "रमणभाईने फसवलं. त्याच्यामुळे मला आईचं तोंड बघायला मिळालं नाय." मी सांगितलं, मी होते ना समोर, रिंगा नव्या होत्या. तर बोलले, "तुला काय कळतं त्यातलं." बाराव्याला रमणभाई आले, दाराबाहेरच उभे राहिले आणि बोलले, एकदा हेड उतरवून बघू द्या. हे बोलले, "बघू दे. मी त्याचं थोबाड बघणार नाय. तू बस."

मी परत स्टुलावर. हेड काढून आणलं, अंगणात कुशीवर ठेवलं. वॉल्व म्हणजे त्या हेडमधली, इंजिनात हवा घ्यायची आणि धूर सोडायची झाकणं. ती घट्ट बसली नाहीत तर रिंगा कितीही नव्या असू देत, दाब तिथून निसटतो. रमणभाईंनी हवेच्या आणि धुराच्या भोकांत डिझेल ओतलं आणि कपड्याने बाकी सगळं कोरडं पुसलं. हवेच्या वॉल्वकडे काही नाही. धुराच्या वॉल्वच्या कडेला एक थेंब जमला… मोठा झाला आणि ओघळला. मी बोलले, "हे तेव्हा का नाही बघितलं?"

रमणभाईंनी हात पुसले. मग बोलले, "बेन, मी बोललेलो. तेच दिवशी, रस्त्यावर. बोललो हेड पण उघडू, वॉल्व पण गळते. तर तुझी सासू बोलली, काम फुगवू नको रमणभाय, मला ठाऊक आहेत तुमचे धंदे. पछी हुं शुं करूं, मी काय करणार?"

मला एकदम आईच समोर उभ्या दिसल्या. अगदी तसंच बोलल्या असत्या. पण आईंची नक्कल तर झाईतलं शेंबडं पोर पण करतं. मेलेलं माणूस काय येऊन सांगणार आहे का, मी असं बोलले नाय म्हणून. मी त्यांच्या तोंडाकडे नाही, बोटांकडे बघितलं. बोटं काळी होती आणि स्थिर होती. त्यावरून काय समजायचं मला अजून कळत नाही.

नवा वॉल्व त्यांनी पेस्ट लावून घासून बसवला, परत डिझेल ओतलं, थेंब नाही आला. जुना, कडेला जळून खाल्लेला वॉल्व त्यांनी न मागता माझ्या हातात दिला. "ले, जूनो माल. सासूबाई मागायच्या." दुसऱ्या दिवशी ह्यांनी हँडल मारलं आणि पहिल्या फेरीत इंजिन धरलं. मला वाटलं आता राग जाईल. तर हे बोलले, "बघितलंस? आता कसं धरलं? म्हणजे तेव्हा काम मुद्दाम अर्धं सोडलं होतं." लिलावाच्या जागी सगळ्यांना हेच सांगितलं. आता कोणी रमणभाईंना बोलवत नाही, डहाणूवरून मिस्त्री आणतात.

मी सांगू काय? सांगितलं तर ह्यांना कळणार, आईनेच नको म्हटलं होतं, आईच्याच शब्दामुळे आई भेटली नाही. संध्याकाळी हे त्या बोंबलांच्या दोरीखाली एकटे बसतात, त्यांना हे कसं सांगू. आणि विचारतील, तू ऐकलंस का? मी तर पुढे गेले होते. नाही सांगितलं तर एका माणसाचं नाव सगळ्या किनाऱ्यावर खराब होतंय, आणि तो खरा असेल तर?

तो वॉल्व मी लपवला नाही. जाळ्याच्या दोऱ्याने बांधून त्याच खिळ्यावर लावलाय, आईंच्या रिंगांच्या खाली. वारा आला की वेगळा वाजतो. हे रोज समोर जेवायला बसतात, वर बघतात. अजून विचारलं नाही हे काय म्हणून. एक दिवस विचारतीलच… तुम्ही असता तर काय सांगितलं असतं?