बडोद्याची मतं

लोकांवर चटकन विश्वास ठेवणं मला जमत नाही. भाजीवाल्याने आपणहून कोथिंबीर टाकली की मी आधी टोमॅटो तपासते. त्यामुळे टीव्हीवरच्या राज्याराज्यांच्या गाण्याच्या स्पर्धेत आमच्या लेकीची गुजराततर्फे निवड झाली, तेव्हा नवरा सोसायटीभर पेढे वाटत होता आणि मी नियम वाचत होते.

प्रेक्षकांनी फोनवरून मत द्यायचं, पण स्वतःच्या राज्याला देता येणार नाही. एखाद्या राज्यातून ज्याला सगळ्यांत जास्त मतं, त्याला त्या राज्याचे गुण. म्हणजे बडोद्यात जन्म काढूनही आमच्या पोरीला आम्हीच मत देऊ शकत नव्हतो. सगळी भिस्त बाहेरच्यांवर, आणि बाहेरचे म्हणजे पुण्याची माझी नणंद आणि तिचा गोतावळा.

नणंदेला ही निवडच रुचली नव्हती. "आपली मुलगी, आणि गुजरातकडून गाणार?"

"ताई, बडोद्यात मांजलपूरला राहून ती काय केरळकडून गाईल?" मी म्हटलं.

तशी ती हसली आणि म्हणाली, "बरं बाई, आम्ही सगळे तिलाच मत देऊ." इतक्या लवकर कबूल झाली, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

दुसरा घोर घरासमोरच होता. समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती शेजारणीच्या घरी आमची मुलगी अर्धी वाढलेली. पण निवड झाल्यापासून ही बाई जिन्यात भेटली की एकच विचारायची, "बेन, तमे तो महाराष्ट्रने ज आपशो ने?" तुम्ही तर महाराष्ट्रालाच मत देणार ना?

पहिल्यांदा मी हसले. मग मात्र डोकं तापायला लागलं. आमच्या घरातले पूर्वज इथल्या संस्थानाच्या फौजेत होते, आमच्या कित्येक पिढ्या इथल्याच मातीत गेल्या, आणि अजून आम्हाला विचारणार की तुम्ही कोणाचे? मी कोरडेपणाने "जोईशुं", बघू, म्हणून दार लावून घेतलं.

"ती सहज विचारते गं," नवरा म्हणाला.

"सहज कोणी काही विचारत नाही."

उद्या कोणी बोट दाखवायला नको म्हणून मी माझं मत आसामला देऊन टाकलं. आसामशी आमचं वाकडं असण्याचं काही कारणच नव्हतं. नवऱ्याचं मतही मी शेजारी उभी राहून आसामलाच द्यायला लावलं.

निकालाच्या संध्याकाळी शेजारीण खांडवीचं ताट घेऊन आमच्याकडे आली. महाराष्ट्राचे गुण बंगालला गेले. लगेच पुण्याहून फोन, "आम्ही तर तिलाच दिली गं!" दिली असतील, नसतीलही. माझ्या मनातून ते अजून गेलेलं नाही.

शेवटी पुढच्या फेरीची एकच जागा उरली. त्या जागेसाठी आमची मुलगी थोडी पुढे होती आणि तिच्या मागोमाग महाराष्ट्राचा गायक. गुण फक्त गुजरातचे यायचे होते. ते कोणालाही गेले तरी चाललं असतं, फक्त महाराष्ट्राला नको. मी पदर मुठीत धरून बसले होते.

ते महाराष्ट्रालाच गेले.

पडद्यावर आमची मुलगी टाळ्या वाजवताना दिसली. ओठ घट्ट मिटून हसत होती. आता ही बाई म्हणणार की तुम्हा मराठी लोकांनीच केलं, या भीतीने मी तिच्याकडे वळून आधीच ओरडले, "अमे नथी आप्या!" आम्ही नाही दिली!

"पण अमे तो आप्या!" ती आनंदाने म्हणाली. "अमे बधांए आप्या! दीकरीने तो अपाय नहीं, एटले थयुं, तमारां लोकोने तो आपीए."

आपल्या मुलीला देता येत नाही, तर निदान तुमच्या माणसांना तरी द्यावीत. म्हणून तिने अख्ख्या सोसायटीला सांगितलं होतं, सुभानपुऱ्याच्या बहिणीला सांगितलं होतं, डभोईच्या माहेरीसुद्धा फोन केले होते. जिन्यात ती मला विचारत होती ते खात्री करून घ्यायला. एवढ्याने राज्याचे गुण फिरत नाहीत हे मला कळतं. पण बडोद्यात मराठी घरांना शेजारी थोडे नाहीत, आणि त्यांतल्या कितीजणांनी असाच विचार केला असेल देव जाणे.

तिला गुणांचा हिशोब काही कळला नव्हता. माझा हात धरून तिने विचारलं, "दीकरी आगळ गई ने?" मुलगी पुढच्या फेरीत गेली ना, एवढंच तिला हवं होतं.

मी काही बोलायच्या आत मुलीचा फोन आला. ती रडत होती. "आई, आपल्या गुजरातमधून एवढी मतं त्यांना कोणी दिली गं?"

शेजारीण फोनसाठी हात पुढे करून उभी होती.

"काय माहीत, बाळा," मी म्हटलं. "घे, मावशीशी बोल."