मी मदत केली नव्हती

"उभी राहून वाच. सावकाश. सगळ्यांना कळू दे तुझं इंग्लिश."

चाकणच्या आमच्या कंपनीतली सोमवारची मीटिंग. टेबलाभोवती नऊ साहेब, चहा, बिस्किटं. मी एकटी उभी. सहा वर्षं क्वालिटीत काम करतेय, तरी बाकी सगळे 'सर' आणि मी 'तू'. पडद्यावर माझा रिपोर्ट होता. मी वाचलं, "आय स्टुड अप फॉर सुनीता." म्हणजे, सुनीतासाठी मी आडवी उभी राहिले.

मी दापोडीच्या वस्तीत वाढले, हे सगळ्यांना ठाऊक. मोठे साहेब हसले. "दापोडीत क्लास लावला काय गं?" मग बाकीचेही हसले. साहेब पुढे म्हणाले, "तुमच्या लोकांना नोकरी दिली तरी मोर्च्याची भाषा काही सुटत नाही."

कान तापले. हे असलं सहा वर्षं ऐकून माणूस शिणतो.

झालं होतं ते एवढंच. शनिवारी माल लवकर काढायचा म्हणून सुपरवायझरने प्रेस मशीनचा सेन्सर बंद करायला लावला. हात आत असला की मशीन थांबवतो, तो सेन्सर. प्रेसवर सुनीताताई होत्या. कंत्राटी कामगार, कुरुळीत भाड्याच्या खोलीत राहतात. त्यांनी लाल बटण दाबलं आणि हात घालायला नकार दिला. लाइन थांबली. सुपरवायझर त्यांच्या अंगावर धावून गेला, गळ्यातला गेटपास ओढून घेतला. मी मध्ये गेले. "मशीन त्यांनी बरोबर बंद केलंय. सेन्सर बंद आहे," एवढंच म्हणाले.

लाइन थांबली की आमच्याकडे 'व्हाय-व्हाय' नावाचा रिपोर्ट भरायचा. का थांबली? ते का झालं? मग तेही का? असं पाच वेळा. पाचवं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं, ऑपरेटरची चूक. असे कित्येक कागद मीही भरलेत. लपवत नाही.

एचआरच्या सरांनी समजुतीचा सूर लावला. "हेल्प्ड लिही ना. अर्थ तोच." मी कीबोर्डला हात लावला नाही. "बरं, सपोर्टेड. झालं?"

अर्थ तोच नव्हता. हेल्प्ड लिहिलं की सुनीताताई गडबडलेली बाई ठरतात आणि मी त्यांना सावरणारी. सपोर्टेड म्हणजे मी नुसती पाठीशी. मी लिहिलं होतं त्यात त्या बरोबर होत्या, आणि कुणीतरी त्यांच्यावर धावून आलं होतं. साहेबांनाही ते कळत होतं. म्हणून तर ते शब्दावर अडून बसले.

मी हेल्प्ड टाइप केलं. नऊ जणांसमोर. त्याखाली 'ऑपरेटर घाबरली' हे एचआरच्या सरांनी घातलं. सही तेवढी दुपारी करायची होती.

जेवणाच्या सुट्टीत गेटवर गेले. सुनीताताई बाहेर बसल्या होत्या. पास नाही, म्हणून आत घेत नव्हते.

"मॅडम, काय लिवलंय माझ्यावर?"

"तुम्ही घाबरलात, असं."

त्या चिडल्या नाहीत. तेच जास्त लागलं. "मी घाबरले न्हवते. मला माझे दोन्ही हात पायजेत, म्हणून थांबवलं."

माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात राबले. इंग्रजी कागद समोर आला की साहेब बोट ठेवतील तिथे सही करायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. मला वाचता येत होतं, आणि तरी मी खोटं टाइप केलं होतं. स्वतःचीच किळस आली.

वर गेले. लॅपटॉप उघडला. हेल्प्ड खोडलं, माझं वाक्य परत लिहिलं. 'ऑपरेटर घाबरली' काढून 'सुपरवायझरने सेन्सर बंद करायला लावला' असं घातलं. प्रिंट काढली, सही केली, कागद मोठ्या साहेबांपुढे ठेवला.

त्यांनी वाचला. "विचार कर. तुझंही अवघड होईल."

"केला, सर. बदलणार नाही."

सुनीताताईंना अजून पास मिळालेला नाही. त्या रोज येतात, गेटवर थांबतात, परत जातात. मला चौकशीची नोटीस आली आहे. जिंकले वगैरे काही नाही. थकलेय, फार थकलेय. गुरुवारी बोलावलंय. इंग्रजीत विचारतील, मध्येच तोडतील, हसतील. हसू देत. मी अडखळेन, पण सेन्सर कुणी बंद करायला लावला, ते नाव घेऊन सांगेन.