चहाच्या डब्यावरचे ठसे

मंगळवारी सकाळी माझी बायको सुधा वारली. चहाचा डबा ओट्यावर होता.

सात महिन्यांनी तो डबा पिशवीत घालून मी डोंबिवलीहून ठाण्याला निघालो. मी शाळेत ग्रंथपाल असताना पुस्तकं न्यायला येणारी रेवती आता वागळे इस्टेटजवळच्या कॉलेजात न्यायवैद्यक शास्त्र शिकवते. तिच्याकडे बोटांचे ठसे शोधायची नवी यंत्रं आली होती. "आणा सर, मुलांना सरावाला वस्तू हव्याच असतात," ती म्हणाली होती. सुधाचा एखादा ठसा उरलाय का, एवढंच मला पाहायचं होतं.

रिक्षा मोठागावच्या पुलावर चढली. खाली खाडी, कडेला तिवरं (खाऱ्या पाण्यातली झाडं), मध्ये एकच होडी. हा नवा पूल सुधाला पाहायचा राहिला. खड्डा आला की मी पिशवी उचलून धरत होतो.

"काका, सोनं हाय काय त्याच्यात?" रिक्षावाल्याने आरशातून विचारलं.

"चहाचा डबा."

"मग एवढं काय जपताय? ठेवा की खाली!"

मी ठेवला नाही. माजिवड्याला सिग्नलवर बराच वेळ गेला.

कॉलेजसमोर मिसळ घेतली, अर्धी टाकली. प्रयोगशाळेत रेवतीने हातमोजे घालून डबा उघडला. चहा कागदावर काढला. डबा आणि झाकण काचेच्या कपाटात टांगलं. आत झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ सोडतात. ती बोटांच्या खुणांवर पांढरी होऊन बसते. मग त्यावर रंग, आणि निळा प्रकाश. आम्ही सगळ्यांनी नारिंगी चष्मे लावले. डबा ठशांनी भरलेला होता.

तुलनेसाठी माझ्या दहाही बोटांचे ठसे घेतले. मुलं पडद्यावर जुळवू लागली.

"मॅम, हा पण काकांचाच."

"अरे, नीट बघ."

"बघितला ना! हा पण सेम. सगळीकडे काकाच आहेत."

रेवतीने हळू विचारलं, "सर, डब्याला रोज हात लावता?"

"रोज. सकाळी हातात घेऊन बसतो. उघडत मात्र नाही."

सात महिने मीच तिच्या ठशांवर माझे ठसे उमटवत होतो.

मग एका मुलीने झाकण उलटं केलं. "मॅम, इथे आत अर्धा आहे. हा काकांचा नाही."

रेवती खूप वेळ पाहत राहिली. "तुमचा नाही, हे सांगते. काकूंचाच, असं नाही म्हणता येणार सर. त्यांचा दुसरा ठसा कुठे आहे?"

कुठेच नव्हता; घरातलं बाकी सगळं सात महिन्यांत धुऊन-पुसून झालं होतं. दुकानदाराचाही असेल, असं तिने बोलून दाखवलं नाही.

परतताना खाडीला भरती होती. अर्ध्या ठशाला जुळणारं बोट आता कुठेही नाही, हे मला पुलावर उमगलं. तरी घाई वाटली, घरी कोणी वाट पाहत असल्यासारखी.

डबा कपाटात आहे. ठसा झाकणाच्या आत आहे. मी आता डब्याला हात लावत नाही.