अबाह ओमोंची अंघोळ

इंडोनेशियातल्या बांडुंगचे अबाह ओमो पाऊस अडवायचे. उघड्यावर कार्यक्रम असला की उदबत्ती लावून ढगांशी बोलत बसायचे. पथ्य एकच: कार्यक्रम संपेपर्यंत अंगाला पाणी लावायचं नाही, नाहीतर पाऊस आलाच म्हणून समजा. गिलांगचा रॉक बँड महिन्यातून एकदा कुठल्यातरी मैदानात वाजवायचा, तोवर हे निभलं. मग पोरांचं एक गाणं गाजलं आणि रोज नवं मैदान सुरू झालं. एक कार्यक्रम संपायच्या आत पुढच्याची उदबत्ती लागायची; म्हाताऱ्याला अंघोळीला सवडच उरली नाही.

"नाव झालं बँडचं, आणि वास आमच्या घराला," असं म्हणत त्यांची बायको अंबू इतोह नवऱ्याची चटई अंगणात टाकायची.

नवव्या दिवशी अबाहांनी गिलांगला गाठलं. "पोरा, थकलो रे आता. एक दिवस अंघोळीपुरता सोड."

"उद्याच करा की, अबाह," गिलांग नजर चुकवत म्हणाला. "उद्यापासून जकार्ता. आता सगळे कार्यक्रम छपराखालीच."

अंबूने दोन बादल्या पाणी तापवलं. पहिला तांब्या हातात धरून अबाह बसूनच राहिले.

"ओता की. आता कुणाचं काय भिजणार आहे?"

अबाहांनी सवयीने एकदा आभाळाकडे पाहिलं, आणि तांब्या डोक्यावर रिकामा केला.