बरं हाय

इस्लामपूरहून एसटीनं आईला सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मालकानं दारात कारंजं बसवलंय आणि सगळ्या म्हाताऱ्यांना मिळून डॉक्टर एकच ठेवलाय, तोही चरकातून निघालेल्या चिपाडासारखा. दुपार उलटल्यावर आमचा नंबर लागला. मान वर न करता त्यानं विचारलं, "कसं आहे आजी?"

आमच्याकडं याला उत्तर एकच, जीव जात असला तरी. आई म्हणाली, "बरं हाय." त्यानं लगेच पुढच्या पेशंटसाठी घंटी दाबली.

"अहो, तिला धाप लागतेय," मी खेकसलो. तेव्हा कुठं त्यानं छातीला नळी लावली.

आईनं विचारलं, "डॉक्टर, जेवलासा का?"

"झालं की," तो म्हणाला. टेबलावरचा डबा बंदच होता. पोरगं आमच्याकडचंच निघालं.